मुलगा पाच वर्षांचा झाला की बापाचा होतो का? ताबा आणि पोटगीबद्दल विचारायचं आहे

काजूगर

माझं माहेर वेंगुर्ला तालुक्यात, सासर देवगडकडे. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आले ती परत गेले नाही. का आले ते इथे लिहीत बसत नाही. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. घटस्फोटाचा अर्ज त्यांनीही केलेला नाही, मीही नाही.

मी इथल्या काजूच्या कारखान्यात काजू सोलायला जाते. किलोवर पैसे मिळतात. घरात आई, भाऊ, वहिनी. कोणी काही बोलत नाही, पण भाऊ मासेमारीवर घर चालवतो, पावसाळ्यात होडी वर काढलेली असते. त्यात आमची तीन तोंडं वाढली.

मागच्या महिन्यात सासरे, नवरा आणि गावातले दोघे मानकरी आले होते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप करूनच आणला होता. आम्ही दोघं राजीखुशीने वेगळे राहतो, मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे, यापुढे कोणी कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, असं त्यात आहे. मी सही केली नाही, विचार करून सांगते म्हटलं. कागदाचा फोटो काढून ठेवला आहे. सासरे जाताना म्हणाले, "पाच वर्षांनंतर मुलगो बापाचोच, कायदोच आसा. कोर्टात गेलंस तर मुलगी पण जातली. तुझी कमाई ती काय?"

नवऱ्याच्या नावावर एक टेम्पो आहे. हापूसची कलमं सासऱ्यांच्या नावावर, पण फवारणीपासून वाशीला पेट्या पाठवण्यापर्यंत सगळं नवरा बघतो. तो म्हणतो, माझ्या नावावर काहीच नाही, कोर्टाला काय दाखवशील? पैसे पाहिजेत तर मुलगा पाठव. इकडे भाऊ म्हणतो, तो पैसे देत नाही तोवर मुलांना फोनवर बोलू द्यायचं नाही. मुलगा मात्र बाबांचा फोन आला का, असं रोज विचारतो.

आणि एक. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला तिकडेच अडकला आहे. देऊ नका म्हणून नवऱ्याने सांगून ठेवलंय. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई चांगल्या आहेत, वर्गात बसू देतात, पण त्याचं नाव अजून पटावर नाही.

घटस्फोट न घेता पोटगी मिळते का? अर्ज देवगडला करावा लागेल का? मुलगा खरंच जाईल का? वकिलाला द्यायला आज हातात पैसे नाहीत. कोणाला माहीत असेल तर नीट सांगा.


ओरोसची वकील

ताई, सही केली नाहीत हे फार चांगलं झालं. आताही करू नका. पुन्हा मानकरी आले, मामा आले, देवळात बसून बोलू म्हणाले, तरी करू नका. का ते सांगते.

त्या कागदात "राजीखुशीने वेगळे राहतो" हे जे वाक्य आहे ना, तेच सगळ्यात घातक आहे. पत्नीने पोटगी मागायचा जो मुख्य कायदा आहे, त्यातच लिहिलंय की नवराबायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मिळणार नाही. म्हणजे तुमच्याच सहीने तुमचा हक्क गेला असता. कागद कोणीतरी समजून उमजून लिहिलेला दिसतो. मुलांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या पोषणाचा हक्क मुलांचा स्वतःचा असतो, आईने किंवा बापाने सही करून तो सोडता येत नाही. तिथे "पैसे मागायचे नाहीत" असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी मुलांच्या अर्जाला त्याने बाध येत नाही. आणि असा नोटरी केलेला कागद म्हणजे घटस्फोटही नव्हे. आपल्याकडे गावोगावी अशा सोडचिठ्ठ्या होतात आणि मग दोघांपैकी एकजण दुसरं लग्न करून नव्याच खटल्यात अडकतो.

आता पोटगी. घटस्फोट लागत नाही. पूर्वी ज्याला सगळे "एकशे पंचवीसचा अर्ज" म्हणायचे, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू झाली, नंबर बदलला, हक्क तोच आहे. कोर्टात अजूनही लोक १२५च म्हणतात, गोंधळू नका. कुटुंब न्यायालय नसेल तिथे हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो, म्हणजे तालुक्याच्या कोर्टात. आणि तो तुम्ही आज जिथे राहता तिथे करता येतो. देवगडला जायची गरज नाही, वेंगुर्ल्यात करा. तुमच्यासाठी आणि दोन्ही मुलांसाठी एकाच अर्जात मागा.

अर्जात तुम्ही घर का सोडलं ते मात्र स्पष्ट लिहावं लागेल. इथे लिहिलं नाहीत, हरकत नाही, पण वकिलाला सगळं सांगा. पुरेसं कारण नसताना पत्नी नांदायला नकार देते असं कोर्टाला वाटलं तर तिची पोटगी अडते. मुलांची तरीही अडत नाही. आई का निघाली याचा मुलांच्या दुधाशी आणि दप्तराशी संबंध नाही, कायद्यालाही तो मान्य नाही.

घरात मारहाण, शिवीगाळ झाली असेल, किंवा पैसे अडवून कोंडी केली असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही आहे. पैसे अडवणं हाही त्यात हिंसाचारच धरला आहे. त्यात खर्चाचे पैसे, राहण्याची सोय आणि मुलांचा तात्पुरता ताबा असं सगळं एकाच अर्जात मागता येतं. दोन कायद्यांखाली अर्ज केले तर एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे धरली जाते, पण आधीचा अर्ज आणि आधीचा आदेश दुसऱ्या कोर्टाला स्वतःहून सांगावा लागतो. लपवू नका.

किती मिळेल याला ठरलेली टक्केवारी नाही. पूर्वी महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली. आता नवऱ्याचं उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, तुमची कमाई आणि मुलांचा खरा खर्च बघून कोर्ट आकडा ठरवतं. काजू सोलून चार पैसे मिळतात म्हणून पोटगी नाकारत नाहीत. ती कमाई लपवू मात्र नका. अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्या दिवशीच जोडा. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्याचा निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे खरं आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. त्यामुळे निकाल उशिरा आला तरी मधले महिने बुडत नाहीत. बुडतात ते अर्ज न करता घरी बसलेले महिने. म्हणून म्हणते, मे महिना जाऊदे, चतुर्थी होऊदे असं करू नका.

"माझ्या नावावर काहीच नाही" याचं उत्तरही त्याच निकालात आहे. दोघांनाही आपल्या मालमत्तेचं, उत्पन्नाचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. शेती, वाहन, बँक खाती, वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा, सगळं त्यात येतं. खोटं लिहिलं तर त्याची वेगळी कारवाई होते. आणि धडधाकट माणसाने मला काही मिळतच नाही म्हणून हात झटकणं कोर्टं मान्य करत नाहीत. अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालीही पुन्हा सांगितलं आहे.

तुम्ही त्या घरात राहिला आहात, हा तुमचा मोठा आधार आहे. बागेचं काम कोण बघतं, हंगामात साधारण किती पेट्या निघतात, माल वाशीला कुठल्या गाळ्यावर जातो, पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, कोणाच्या नावाने येते आणि पैसे कोणाच्या खात्यात पडतात, हे आठवेल तसं वहीत लिहून काढा. जुन्या पट्टीचा फोटो, फोनवरचे मेसेज, टेम्पोचा नंबर, जे असेल ते. जमिनीचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतो, गट नंबर माहीत असेल तर आजच काढा. कलमं सासऱ्यांच्या नावावर असली तरी नवरा त्यावर काय कमावतो हे कोर्ट बघतं. फक्त सासऱ्यांचं सगळं उत्पन्न मुलाचं म्हणून दाखवायला जाऊ नका, तिथे आपली बाजू पातळ होते.

मुलांच्या ताब्याचं रात्री सविस्तर लिहिते, आता कोर्टात निघायचं आहे.


कुडाळचो बापूस

वकील बाईंनी कायदा सांगितला. मी बापाच्या बाजूने लिहितो, कारण या ताईंचा मुलगा रोज विचारतो, हे वाचलं.

माझी मुलगी तिच्या आईकडे असते, रत्नागिरीला. ती सात वर्षांची असताना आम्ही वेगळे झालो. ताबा आईकडे, भेटीचा हक्क माझा, आणि पोटगी मी देतो. हे सगळं कोर्टात संमतीने ठरलं, मध्यस्थांपुढे बसून.

ताई, तुमच्या भावाला माझ्याकडून हात जोडून सांगा, फोन बंद करू नका. पैसे आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यंतरी काही महिने माझी भेट बंद झाली होती. घरचे म्हणाले, तू पण पैसे बंद कर, मग बघ कशी येते मुलगी. माझ्या वकिलाने ठणकावून सांगितलं, पैसा एक महिना चुकवायचा नाही, भेटीसाठी कोर्टात वेगळा अर्ज कर. तसंच केलं. कोर्टाने भेट पुन्हा सुरू करून दिली आणि माझी पोटगी एकदाही थकली नव्हती हे तिथे उपयोगी पडलं. दर महिन्याला बँकेतूनच पाठवतो, कधी रोख नाही, कोणा नातेवाइकाच्या हाती नाही. सोबत "अमुक महिन्याची पोटगी" असं लिहितो. देणाऱ्याला पुरावा राहतो आणि घेणारीलाही.

दुसरं सांगायचं ते भेटीच्या तपशिलाबद्दल, आणि हे मी जरा लांब लिहिणार आहे, कारण आपल्या कोकणातली सगळी भांडणं इथेच होतात. आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "सणासुदीला व सुट्टीत वडिलांना योग्य ती भेट द्यावी." योग्य म्हणजे किती? आणि सण कुठला? मुंबईच्या माणसाला दिवाळी मोठी असेल, आमच्याकडे चतुर्थी. तिच्या आजोळी पाच दिवसांचा गणपती, आमच्याकडे अकरा दिवसांचा. दोन्हीकडे मूर्ती येणार त्याच दिवशी. मग आम्ही बसून लिहिलं की चतुर्थीचा दिवस एक वर्ष आईकडे, एक वर्ष माझ्याकडे. ज्या वर्षी माझ्याकडे नाही त्या वर्षी आजोळचं विसर्जन झालं की दुसऱ्या सकाळी मुलगी कुडाळला, म्हणजे आमच्या विसर्जनापर्यंत ती इथे. शिमग्याला तिच्या गावची पालखी घरी येते त्या दिवशी ती तिकडेच, ते मी मागितलंच नाही. आमच्या देवळाची जत्रा आणि रात्रीचं दशावतार माझ्याकडे, दुसऱ्या दिवशी शाळा असेल तरी. मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी, पहिला अर्धा कोणाचा ते दरवर्षी बदलतं.

हे लिहिल्यावरही अडतंच. मुलीला कोणी सोडायचं, कोणी आणायचं? आम्ही लिहिलं की मी रत्नागिरी स्टेशनवरून घेणार, परत सोडायलाही मीच जाणार, तिकीट माझं. पावसात दरड पडली, कोकण रेल्वे बंद झाली, घाट अडला, तर तो दिवस बुडाला असं न धरता पुढच्या शनिवार-रविवारी भरून द्यायचा, हेही लिहिलं. व्हिडिओ कॉल बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता. आमच्या वाडीत रेंज नाही, मी त्या वेळी नाक्यावर जाऊन उभा राहतो. कोणाला वाटेल कागदावर एवढं कशाला. पण ज्या गोष्टी लिहिल्या त्यांच्यावरून आमचं पुन्हा भांडण झालेलं नाही. जी गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे वाढदिवस, तिच्यावरून अजून दरवर्षी फोनाफोनी होते.

ताई, तुमच्या नवऱ्याचा मला राग येतो. मुलगा पाठव मग पैसे देतो, ही काय भाषा झाली? पण तुमच्या मुलाला बाप हवा आहे. फोन तुम्ही होऊन लावून द्या, आणि किती वाजता लावला तेही लिहून ठेवा.


दापोलीचे गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त. फक्त दाखल्यापुरतं लिहितो.

शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५. पहिली ते आठवीच्या मुलाला कुठल्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे. बापाने तोंडी सांगितलं म्हणून तो अडवता येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. तेव्हा तुमच्या बाईंना सांगा, नाव आजच पटावर घ्या. जुन्या शाळेला आईच्या सहीचा लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पोच जपून ठेवा.

वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती थोडक्यात सांगून ठेवा, म्हणजे मधल्या सुट्टीत कोणी न्यायला आलं तर त्या आधी तुम्हाला फोन करतील. कोर्टाचा आदेश मिळाला की त्याची प्रत शाळेत द्या. आदेश नसताना शाळा बापाला फाटकावर अडवू शकत नाही आणि मुलाला हवाली करतानाही घाबरते. फार अवघड जागी असतो आम्ही.

अजून एक, बाईमाणूस म्हणून नाही, कोणत्याही पालकाला सांगितलं असतं. मुलाच्या हाती निरोप पाठवू नका. "बाबांना सांग फी भरायची आहे" हे वाक्य नऊ वर्षांच्या पोराने पोचवायचं नसतं. माझ्या वर्गात असे निरोप नेणारी मुलं बसलेली मी पाहिली आहेत. त्यांचं फळ्याकडे लक्ष नसतं.


मुरुडकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझी मैत्रीण मुस्लिम आहे, तलाक झालेला आहे, मुलगी लहान. हे १४४ कलम तिला लागतं का?


ओरोसची वकील

मुरुडकर, लागतं. ते कलम धर्म बघत नाही. मुलांसाठी तर प्रश्नच नाही, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही त्याखाली पोटगी मागू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं आहे. ताब्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा सगळ्यांना आहे.

काजूगर ताई, आता तुमच्या मुलाचं.

"पाच वर्षांनंतर मुलगा बापाचा" असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. हे आलं कुठून ते सांगते. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमात वडील नैसर्गिक पालक, त्यांच्यानंतर आई असं म्हटलंय, आणि पुढे जोडलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. लोकांनी त्याचा उलटा अर्थ लावला की पाच पूर्ण झाली की ताबा आपोआप बापाकडे. त्याच कायद्याचं तेरावं कलम कोणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की पालक ठरवताना मुलाचं हित हीच सर्वोच्च गोष्ट. वय हा त्यातला एक भाग आहे. मूल आता कुठे स्थिरावलं आहे, शाळा, रोजचं बघायला कोण आहे, भावंडं, आजी, दोघांचं वागणं, सगळं बघतात. भावंडांची ताटातूट शक्यतो करत नाहीत. मुलगा तिकडे आणि मुलगी इकडे ही वाटणी सासऱ्यांना सोपी वाटली असेल, कोर्टाला त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागेल.

"त्यांच्यानंतर आई" याचा अर्थ वडील वारल्यावरच आई पालक असा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगून टाकलं आहे. बाप मुलाकडे बघतच नसेल तर तो जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते.

"तुझी कमाई ती काय" याला घाबरू नका. जास्त पैसेवाल्याला मूल असा नियम असता तर देशातल्या निम्म्या आयांकडे मुलं राहिलीच नसती. बापाकडे जास्त असेल तर ते पोटगीतून मुलाकडे यावं, यासाठीच तर पोटगी आहे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे समजून मत देण्याइतका मोठा आहे असं न्यायाधीशांना वाटलं तर ते त्याला आपल्या दालनात बोलावून एकट्याशी बोलतील. १८९० च्या कायद्याच्या सतराव्या कलमात ती सोय आहे. त्याचं मत ऐकतात, पण निकाल फक्त त्यावर देत नाहीत. त्याला काही पढवू नका. पढवलेलं मूल चार वाक्यांत ओळखू येतं, आणि गुरुजी म्हणाले तसं त्याच्यावर ओझं पडतं ते वेगळंच.

ताब्याचा अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात होतो. नवरा म्हणेल, मूल देवगडचं. म्हणूदे. देवगड काय आणि वेंगुर्ला काय, दोन्ही सिंधुदुर्गातच, जिल्हा न्यायालय ओरोसलाच. पुढे अपिलाची वेळ आली तर मुंबई गाठावी लागायची, तेही आता कमी झालंय. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या आणि रत्नागिरी जिल्ह्याची उच्च न्यायालयातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

मुलगा आज तुमच्याकडे आहे, तेव्हा ताब्याचा अर्ज उद्याच केला पाहिजे असं नाही. पण त्याला उचलून नेण्याची भीती वाटत असेल तर करा आणि सोबत अंतरिम आदेशही मागा. त्या अर्जात स्वतः होऊन लिहा की वडिलांना भेटू द्यायला माझी तयारी आहे, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी. कुडाळच्या दादांनी लिहिलंय तितक्या तपशिलाने लिहा. मी कितीतरी संमतीपत्रं वाचली आहेत, पावसात बुडालेला दिवस भरून द्यायचा असं लिहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि आता माझ्या अशिलांच्या मसुद्यात ते घालणार आहे. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळणं हा मुलाचा हक्क आहे, प्रत्यक्ष भेट नसेल तिथे फोन, व्हिडिओ कॉल तरी व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलं आहे. त्यामुळे भावाला समजवा. फोन बंद केलात तर पोटगी लवकर मिळत नाही, उलट ताब्याच्या अर्जात समोरच्या वकिलाच्या हाती तो मुद्दा लागतो.

वकिलाच्या फीचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती आहे हे विचारलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साधा अर्ज द्यायचा. जाण्याआधी बोलायचं असेल तर १५१०० हा फोन नंबर आहे.


काजूगर

वकील ताई, दादा, गुरुजी, खूप आधार वाटला. काल बाईंना कलम ५ दाखवलं. त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून मुलाचं नाव पटावर घेतलं. रजिस्टर पोस्ट भाऊच करून आला. त्याला दादांचं लिहिणं वाचायला दिलं, काही बोलला नाही, पण रात्री त्यानेच फोन लावून दिला. मुलगा बराच वेळ बोलला. तिकडून कुत्र्याला पिल्लं झाल्याचं कळलं.

एकच विचारते. समजा आदेश झाला आणि तरी पैसे दिलेच नाहीत तर? आमच्याकडे सगळे म्हणतात, कागद मिळतो, पैसा मिळत नाही.


ओरोसची वकील

तसं होतं, खोटं कशाला सांगू. आदेश झाला म्हणून पैसे आपोआप येत नाहीत, थकले की वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. त्यावर कोर्ट वॉरंट काढतं, जप्ती करता येते, आणि तरीही दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली की देणं फिटलं असं नाही, रक्कम उरतेच. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. टेम्पो त्याच्या नावावर आहे हे अशा वेळी उपयोगी पडतं, म्हणून त्याचा नंबर अर्जातच लिहा.

एक मुदत मात्र पक्की लक्षात ठेवा. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. गणपतीला देईल, आंब्याचे पैसे आले की देईल म्हणत बायका दोन-दोन वर्षं थांबतात आणि जुने महिने हातचे जातात. दोन-तीन महिने थकले की अर्ज करा. बँक पासबुक दर महिन्याला भरून घ्या, पैसे आले नाहीत हे त्यावरूनच दिसतं.

विधी सेवा समितीत जाताना लग्नाचा दाखला किंवा लग्नातला फोटो, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, तुमचं आधार, पासबुक, कारखान्याची मजुरीची चिठ्ठी, मुलांच्या औषधपाण्याच्या आणि शाळेच्या पावत्या, सातबारा निघाला असेल तर तो, आणि त्या स्टॅम्पपेपरचा फोटो एवढं न्या. फोटोची छापील प्रत काढून न्या, फोनमधला दाखवून चालत नाही. आणि घर का सोडलंत ते आधीच घरी बसून एका कागदावर तारखांसकट लिहून ठेवा. समोर वकील बसला की बायकांना आठवत नाही, रडू येतं, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.